अनाथांच्या तसबिरी : परोपकाराच्या इतिहासांतील एक प्रकरण

कोणत्याहि अनाथाश्रमाचा जुना वार्षिक वृत्तांत हातीं घेतला, तर जमाखर्चाच्या आधीं त्यांत एक चित्र हटकून आढळतें. पायऱ्यांवर ओळीनें उभीं केलेलीं मुलें, अंगावर धुतलेले कपडे, नीट विंचरलेले केस, आणि बाजूस संस्थेचे चालक. हें चित्र आपल्या इतक्या परिचयाचें झालें आहे कीं, तें तेथें कां असावें हा प्रश्नच कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु प्रत्येक रूढीला आरंभ असतो, आणि या रूढीच्या आरंभीं एक मोठा वाद होऊन गेलेला आहे. ज्या बालकास कोणी नाहीं त्याचें मुख दाखवून त्याच्यासाठीं अन्न मागावें काय. मागावें, तर तें मुख कशा रीतीनें दाखवावें. आणि दाखविलेलें चित्र कितपत खरें असलें पाहिजे. हे त्या वादांतील मुद्दे होत. लंडन शहरीं १८७७ सालीं पंचांपुढें त्यांची चौकशी झाली. ती हकीकत मराठी वाचकांस फारशी ठाऊक नसावी, म्हणून येथें ती थोड्या विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली तेव्हां ती श्रीमंतांची चैन होती. पुढें १८५४ सालीं पॅरिस येथील दिस्देरी नांवाच्या फोटोग्राफरानें एकाच कांचेवर अनेक लहान तसबिरी घेण्याची युक्ति काढून तिचें पेटंट मिळविलें. भेटीच्या कार्डाएवढ्या या तसबिरी जाड कागदावर चिकटवून स्वस्तांत विकतां येऊं लागल्या. राजाराण्यांच्या, नटनटींच्या व नामांकित धर्मोपदेशकांच्या तसबिरी लोक हौसेनें विकत घेत आणि आल्बमांत लावून ठेवीत. जी वस्तु हौसेसाठीं विकली जाते ती धर्मकार्यासाठींहि विकतां येईल, हें परोपकारी मंडळींच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं.

याच सुमारास ऑस्कर रेयलँडर हा मूळचा स्वीडिश, पण इंग्लंडांत स्थायिक झालेला फोटोग्राफर रस्त्यावरील पोरक्या मुलांचीं चित्रें तयार करीत होता. 'तयार करीत होता' असेंच म्हटलें पाहिजे. चिंध्या अंगावर घेऊन, गुडघ्यांत डोकें खुपसून बसलेला त्याचा प्रसिद्ध मुलगा हा रस्त्यावर टिपलेला नसून त्याच्या चित्रशाळेंत बसविलेला होता. त्या काळच्या कांचांवर चित्र उमटण्यास इतका प्रकाश आणि इतका वेळ लागे कीं, रात्रीच्या अंधारांत उघड्यावर निजलेलें मूल टिपणें शक्यच नव्हतें. चित्रकार शेजारच्या म्हाताऱ्यास समोर बसवून संत पेत्राचें चित्र काढतो, त्यास कोणी असत्य म्हणत नाहीं; रेयलँडरची दृष्टि तशीच होती. पुढें हाच प्रकार दानाच्या आवाहनांत शिरला, आणि तेथें त्याचा अर्थ पालटला.

थॉमस जॉन बर्नार्डो यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजीं डब्लिन येथें झाला. चीन देशांत वैद्यकीय मिशनरी म्हणून जावें या हेतूनें ते १८६६ सालीं लंडनला आले व शहराच्या पूर्व भागांतील लंडन हॉस्पिटलांत शिकूं लागले. त्याच वर्षीं त्या भागांत पटकीच्या साथीनें हाहाकार उडविला. गल्लीबोळांत, बाजाराच्या छपरांवर, रिकाम्या पिंपांत रात्र काढणारीं मुलें त्यांनीं पाहिलीं, आणि चीन देश कायमचा बाजूस राहिला. १८७० सालीं स्टेप्नी कॉजवे या रस्त्यावर मुलांसाठीं त्यांनीं वसतिगृह उघडलें. आरंभीं जागा व पैसा यांचा हिशेब पाहून बेताचींच मुलें घेत असत. एके दिवशीं अकरा वर्षांचा एक मुलगा दारीं आला. केस तांबडे म्हणून सोबती त्यास 'गाजर' म्हणत. जागा नसल्यामुळें त्यास थांबण्यास सांगण्यांत आलें. थोड्याच दिवसांत तो उघड्यावर मरून पडलेला सांपडला. भूक आणि थंडी यांनीं त्याचा प्राण घेतला होता. त्यानंतर बर्नार्डोंनीं दारावर पाटी लाविली कीं, निराधार बालकास येथून कधींहि परत पाठविलें जाणार नाहीं.

ही पाटी म्हणजे केवढें धाडस होतें तें संस्था चालविणारासच कळेल. ज्या घराचें दार कधींच बंद होत नाहीं, त्याच्या खर्चाला मर्यादा राहत नाहीं. वर्गणीदार मोजके आणि येणारीं मुलें अमर्याद, अशी स्थिति झाल्यावर अनोळखी माणसाच्या मनापर्यंत पोहोंचण्याचें कांहीं साधन हवें होतें. तें त्यांना तसबिरींत सांपडलें.

माइल एंड रस्त्यावर टॉमस बार्न्स नांवाचा एक फोटोग्राफर होता. त्याच्याकडून बर्नार्डो मुलांच्या तसबिरी घेववूं लागले, आणि १८७४ सालीं त्यांनीं स्टेप्नी येथें संस्थेचा स्वतःचा छायाचित्र विभागच उघडला. त्याचे दोन उपयोग होते, व ते एकमेकांपासून वेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. पहिला नोंदीचा. आलेल्या प्रत्येक मुलाची तसबीर त्याच्या हकीकतीबरोबर नोंदून ठेवावी, म्हणजे पुढें त्याचा माग राखतां येतो, आणि तें पळून गेलें तर शोधतां येतें. दुसरा उपयोग विक्रीचा. एकाच मुलाच्या दोन तसबिरी कार्डावर छापीत. पहिलींत तें अनवाणी, फाटक्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनिशीं. दुसरींत संस्थेच्या स्वच्छ पोशाखांत, हातांत सुताराचें किंवा चांभाराचें हत्यार घेऊन कामास लागलेलें. खालीं मजकूर अशा अर्थाचा कीं, एके काळचा हा लहानगा भटका आतां लहानगा कामकरी झाला आहे. वीस कार्डांचा संच पांच शिलिंगांस मिळे व सुटें कार्ड सहा पेन्सांस. म्हणजे संच घेणारास तीं निम्म्या भावांत पडत. कार्डांची विक्री चांगली होई, आणि त्यांबरोबर संस्थेचें नांव घरोघर जाई.

अशा यशाबरोबर शत्रूहि येतात. स्टेप्नी भागांतील बॅप्टिस्ट उपदेशक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनीं एक पत्रक छापून बर्नार्डोंवर अनेक आरोप केले. पैशाचा गैरवापर होतो, मुलांना क्रूरपणें वागविलें जातें, पदवी नसतां हे गृहस्थ 'डॉक्टर' म्हणवून घेत आले, असे ते आरोप होते. (पदवीविषयीं एवढें खरें कीं, त्यांनीं शस्त्रवैद्याची परीक्षा एडिंबरो येथें १८७६ सालीं दिली, डॉक्टर मात्र ते त्यापूर्वींपासूनच म्हणवीत.) परंतु ज्या आरोपानें सर्वांत अधिक खळबळ उडाली तो तसबिरींविषयींचा होता. मुलें जशीं आलीं तशीं न दाखवितां त्यांना मुद्दाम अधिक दीनवाणीं करून दाखविलें जातें, प्रसंगीं त्यांचे कपडे फाडले जातात, असें रेनॉल्ड्स यांचें म्हणणें. प्रकरण कोर्टांत न नेतां तीन पंचांकडे सोंपविण्याचें ठरलें. एक वकील, एक अँग्लिकन धर्मोपदेशक व पार्लमेंटचे एक माजी सभासद असे ते तिघे होते. १८७७ च्या उन्हाळ्यांत साक्षी झाल्या आणि ऑक्टोबरांत निकाल बाहेर पडला.

साक्षींत एका आईची तक्रार पुढें आली. तिच्या मुलीला फाटक्या वेषांत, रस्त्यावर किरकोळ विक्री करणारी पोर म्हणून कार्डावर दाखविण्यांत आलें होतें. मुलगी तसा धंदा कधीं करीत नव्हती, व घरीं तिची अशी दशाहि नव्हती. बर्नार्डोंनीं आपल्या बचावांत असें प्रतिपादन केलें कीं, प्रत्येक चित्र त्या त्या मुलाचीच हुबेहूब स्थिति दाखवितें असा आपला दावा नाहीं. तें एका संपूर्ण वर्गाचें दर्शन आहे. रस्त्यावर अशीं हजारों मुलें आहेत. रात्रीं आणलेल्या मुलाचें त्याच वेळीं चित्र घेणें शक्य नसतें. म्हणून त्यांतील एकास समोर ठेवून सर्वांची दशा दाखविली. यांत खोटें तें काय?

हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्या प्रभूनें सांगितलेला उधळ्या पुत्र अमुक गांवचा अमुक माणूस नव्हता, म्हणून त्याची गोष्ट असत्य ठरत नाहीं. पण दृष्टांत सांगणारा हा दृष्टांत आहे असें ऐकणारास कळूं देतो. कार्डावर मात्र दृष्टांतांतला मुलगा नव्हता. तेथें एक खरीखुरी मुलगी होती, तिला नांव होतें, आणि तिची आई त्याच शहरांत राहत होती. दारिद्र्यांत दिवस काढीत असतां जी आई मुलांच्या अंगावर नीट कपडे राखण्याची शिकस्त करते, तिचा मोठेपणा तेवढाच असतो. तोच या कार्डानें सहा पेन्सांस विकून टाकला. विकत घेणाऱ्या सज्जनांनीं बिचाऱ्या मुलीची कींव केली असेल, आणि तिच्या आईला दूषण दिलें असेल. गरिबाला अब्रू नसते असें ज्यांना वाटतें त्यांनाच हा व्यवहार निर्दोष वाटेल.

पंचांनीं दोन्ही गोष्टी नीट निवडून काढल्या, हें त्यांचें श्रेय. बर्नार्डोंचीं वसतिगृहें ही खरी व मोलाची सेवा असून तीं लोकांच्या विश्वासास व मदतीस पात्र आहेत, असा त्यांनीं निर्वाळा दिला. रेनॉल्ड्स यांचे बहुतेक गंभीर आरोप टिकले नाहींत. परंतु तसबिरींच्या बाबतींत त्यांनीं स्पष्ट दोष दिला. अशा कलात्मक कल्पितास त्यांनीं गैर ठरविलें. हेतु चांगला होता म्हणून पद्धतीला सूट मिळाली नाहीं. त्यानंतर रचलेल्या जोडचित्रांची ती विक्री थांबली. संस्था मात्र बुडाली नाहीं, हें मुद्दाम लक्षांत घेण्यासारखें आहे. ती पुढें वाढतच गेली. १९ सप्टेंबर १९०५ रोजीं बर्नार्डो वारले त्या वेळीं तिचीं ९६ वसतिगृहें होतीं व त्यांत ८,५०० हून अधिक मुलें राहत होतीं.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं लंडनचे पंच या प्रश्नाचा विचार करीत होते, त्याच वर्षीं आपल्या देशांतील मुलांच्या तसबिरी त्या शहरीं पोहोंचत होत्या. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ मद्रास इलाख्याप्रमाणें आपल्या सोलापुराकडील मुलखावरहि कोसळला होता. मद्रासकडील लष्करी अधिकारी विलोबी हूपर यांनीं हाडांचे सांपळे उरलेल्या कुटुंबांना ओळीनें बसवून त्यांच्या तसबिरी घेतल्या. लंडनचे लॉर्ड मेयर यांनीं उघडलेल्या दुष्काळनिधीला तेथील जनतेनें लाखों पौंड दिले. येथें कपडे फाडण्याची गरज नव्हती, कारण अंगावर कपडेच नव्हते. चित्रें खरीं होतीं. तरीहि त्यांत बसलेल्यांपैकीं कोणाचेंहि नांव नोंदलेलें नाहीं, आणि तसबीर झाल्यावर त्यांतील कोण जगलें हेंहि नाहीं. सत्य असूनहि चित्र निर्दय असूं शकतें, तें असें.

बर्नार्डोंविषयीं आणखी एक गोष्ट कॅथोलिक वाचकांपासून लपविण्याचें कारण नाहीं. कांहीं मुलांना त्यांच्या पालकांच्या संमतीवांचून नेल्याचें ते स्वतःच सांगत, व त्यास त्यांनीं 'परोपकारी अपहरण' असें नांवहि दिलें होतें. गरीब कॅथोलिक कुटुंबांतील कांहीं मुलांवरून त्यांचे खटले झाले. एका आईस आपला मुलगा कॅथोलिक आश्रमांत ठेवावयाचा होता. बर्नार्डो देण्यास तयार नव्हते. १८९१ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. मुलाला वांचविलें म्हणजे तें आपलेंच झालें, ही जी त्यांची समजूत, तीच तसबिरींच्या प्रकरणांतहि दिसते. मुलाचा देह, धर्म आणि चेहरा या तिहींवर आपला हक्क आहे असें त्यांना प्रामाणिकपणें वाटे.

यानंतर तसबिरीचा निराळा उपयोग अमेरिकेंत झाला. लुईस हाइन हे न्यूयॉर्क येथील शिक्षक. लहान मुलांना गिरण्यांत व खाणींत राबविण्याविरुद्ध १९०४ सालीं तेथें जी राष्ट्रीय समिति स्थापन झाली होती, तिच्यातर्फे १९०८ पासून ते देशभर हिंडूं लागले. कारखान्यांत शिरकाव मिळविण्यासाठीं ते कधीं बायबल विकणारे बनत, तर कधीं पोस्टकार्डें विकणारे. मात्र हें सोंग ते मालकांपुढें करीत. चित्रांत सोंग नसे. मुलाची उंची त्यांच्या कोटाच्या कोणत्या गुंडीपर्यंत येते हें पाहून ते मनांत माप घेत, आणि खिशांतल्या वहींत नांव, वय व कामाचे तास टिपून ठेवीत. मोठ्या यंत्रापुढें उभी असलेली मुलगी किती लहान आहे हें चित्र सांगे, व तिचें वय किती हें टिपण सांगे. विरोधकांस चित्र खोटें म्हणण्यास जागा उरत नसे. समितीसाठीं घेतलेल्या त्यांच्या पांच हजारांहून अधिक चित्रांनीं जें मागितलें तें दान नव्हतें, कायदा होता. तो मिळण्यास फार काळ लागला. १९१६ चा कायदा १९१८ सालीं न्यायालयानें रद्द केला, आणि टिकाऊ कायदा १९३८ सालीं झाला. हाइन १९४० सालीं दारिद्र्यांत वारले.

पहिल्या महायुद्धानंतर तसबिरीच्या या इतिहासाचा संबंध थेट आपल्या पवित्र धर्मसभेशीं येतो. नोव्हेंबर १९१८ मध्यें लढाई थांबली, पण शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी चालूच राहिली, व ऑस्ट्रिया-जर्मनींत अर्भकें दुधावांचून मरूं लागलीं. कुमारी एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनीं १९१९ च्या वसंतांत लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत एक पत्रक वांटलें. त्यावर अडीच वर्षांच्या एका उपासमारीनें सुकलेल्या बालकाची तसबीर होती: डोकें मोठें, हातपाय काटकुळे. आमच्या नाकेबंदीनें हें केलें, असा खालीं मजकूर. सरकारी परवानगीवांचून पत्रक छापलें म्हणून त्यांच्यावर खटला झाला. बाईंनीं आपली बाजू स्वतः मांडली. पांच पौंड दंड झाला. आणि सांगतात कीं, खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलानेंच तेवढी रक्कम त्यांच्या हातीं दिली, व तीच त्यांच्या बालरक्षण निधीची पहिली देणगी ठरली. १९ मे १९१९ रोजीं आल्बर्ट हॉलमधील सभेंत हा निधि उघडपणें सुरू झाला. सभेला आलेल्यांपैकीं कांहीं जण शत्रूच्या मुलांसाठीं मदत मागणाऱ्यांची हुर्यो उडविण्याच्या तयारीनें आले होते, असेंहि सांगतात.

बाई अँग्लिकन होत्या. तरीहि त्या रोमला गेल्या व पोप १५ वे बेनेडिक्ट यांस भेटल्या. पोप महाराजांनीं २४ नोव्हेंबर १९१९ च्या पत्रानें जगांतील सर्व बिशपांस आज्ञा केली होती कीं, २८ डिसेंबर रोजीं, म्हणजे निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशीं, प्रत्येक चर्चमध्यें मध्य युरोपांतील उपाशी मुलांसाठीं प्रार्थना करून वर्गणी गोळा करावी. हेरोदाच्या हातून मारल्या गेलेल्या बालकांचा तो दिवस. त्याहून उचित दिवस निवडतां आला नसता. पुढील वर्षीं, १ डिसेंबर १९२० च्या पत्रांत, त्यांनीं त्या निधीचा नांवानें गौरव केला. कॅथोलिक नसलेल्या बाईंनीं उभारलेल्या संस्थेची अशी प्रशंसा त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. जेब यांच्या पत्रकावरील तसबिरींत कांहीं रचलेलें नव्हतें, आणि जी दशा दाखविली तिचें कारणहि सांगितलें होतें. बर्नार्डोंच्या कार्डावर मुलाच्या दशेचें कारण कोठेंच छापलेलें नसे. पाहणारानें तें मुलाच्या आईबापांत शोधावें.

याच बाईंनीं १९२३ सालीं बालकांच्या हक्कांचा पांच कलमांचा जाहीरनामा तयार केला. राष्ट्रसंघानें १९२४ सालीं तो स्वीकारला. त्यांतूनच पुढें संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्कांची सनद निघाली. आपल्या देशानें ती १९९२ सालीं मान्य केली. तिच्या सोळाव्या कलमांत बालकाच्या खाजगी जीवनास व अब्रूस संरक्षण दिलें आहे. १८७७ सालीं जी आई पंचांपुढें आली होती, तिच्या तक्रारीला शंभराहून अधिक वर्षांनीं असें कलम मिळालें. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याचें कलम ७४ तर त्याहून पुढें जातें. काळजी व संरक्षण यांची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असें नांव, पत्ता, शाळा किंवा चित्र वर्तमानपत्रांत वा अन्यत्र प्रसिद्ध करणें हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पायऱ्यांवर ओळीनें उभ्या केलेल्या अनाथ मुलांचें जुन्या अहवालांतील तें चित्र आज छापण्यापूर्वीं आश्रमचालकांस दोनदां विचार करावा लागतो, तो यामुळें.

बर्नार्डोंच्या तसबिरींचा जो पहिला उपयोग, म्हणजे नोंदीचा, त्याचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. १८७४ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत सुमारे ५५,००० तसबिरी घेतल्या गेल्या. १८८२ पासून संस्थेनें मुलांच्या टोळ्या जहाजानें कॅनडास पाठविल्या. १९३९ पर्यंत अशीं सुमारे ३०,००० मुलें गेलीं. पुष्कळांच्या आईबापांस मूल निघून गेल्यावरच पत्र मिळे. शेतावर मजुरी करीत तीं मोठीं झालीं, आणि आपण अनाथाश्रमांतून आलों हें कित्येकांनीं स्वतःच्या लेंकरांनाहि सांगितलें नाहीं. मुलांना अशा रीतीनें समुद्रापार धाडण्याच्या त्या जुन्या धोरणाबद्दल ब्रिटिश पंतप्रधानांनीं २०१० सालीं जाहीर क्षमा मागितली. त्या मुलांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत. पण त्यांचीं नातवंडें-पणतवंडें संस्थेकडे पत्रें लिहून आपल्या वाडवडिलांविषयीं विचारीत आलीं आहेत, आणि कागद जेथें सांपडतात तेथें त्यांबरोबर तसबिरीची प्रत त्यांना मिळते. ती बहुधा प्रवेशाच्या वेळची असते. साध्या पडद्यापुढें उभें केलेलें मूल, सरळ समोर पाहणारें; सोबत नांव, वय व तारीख. देणगीसाठीं ती कधींच विकली गेली नव्हती.